सातपुड्यांतील बोथट बाण

सातपुड्याचें नांव काढतांच आमच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढें भूगोलाच्या नकाशांतील एक तपकिरी पट्टा उभा राहतो. त्यापलीकडे फारसें कांहीं नाहीं. नर्मदा व तापी या दोन पश्चिमवाहिनी नद्यांच्या मध्यें हा पर्वत पसरला असून त्याचा कांहीं भाग महाराष्ट्राच्या वायव्येस नंदुरबार जिल्ह्यांत येतो. भिल्ल, पावरा इत्यादि लोकांची तेथें जुनी वस्ती आहे. नंदुरबाराहून निघून प्रकाशें क्षेत्रीं तापी ओलांडावी, शहादें मागें टाकावें आणि घाट चढूं लागावें, म्हणजे समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांहून उंच असें तोरणमाळाचें पठार लागतें.

वरील यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी आणि गोरखनाथाचें स्थान हीं प्रेक्षणीय खरींच. तीं आम्हींही पाहिलीं. परंतु या प्रवासांत जी वस्तु आमच्या मनांत कायमची राहिली, ती याहून फारच लहान, म्हणजे दोन बोटें लांबीचें एक लांकडी टोंक होय.

त्या बाजूच्या शाळेंत शिक्षक असलेले आमचे एक जुने विद्यार्थी आम्हांस एका पाड्यावर घेऊन गेले. तेथें घराच्या ओसरीवर एक वयोवृद्ध गृहस्थ कोयत्यानें धावड्याच्या वाळलेल्या लांकडाचा तुकडा तासीत बसले होते. शेजारीं बांबूचें धनुष्य होतें. त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. भिंतीस टेकून बोरूचे चार-पांच बाण उभे होते. म्हाताऱ्यांनीं लांकडास सुपारीएवढा गोल, पण पुढून चपटा आकार दिला. मागच्या बाजूस तापविलेल्या सळईनें भोंक पाडलें. त्यांत बोरूची काडी बसवून लाखेनें घट्ट केली, आणि काडी उकलूं नये म्हणून सांध्याखालीं सुताचे आठ-दहा वेढे आवळून घेतले. नंतर बाण एका बोटावर आडवा तोलून पाहिला. डोकें फार झुकलें, तेव्हां तें आणखी थोडें तासलें. लोखंडी टोंकाच्या बाणाशीं याचें वजन जुळलें, म्हणजे बाण बदलला तरी हाताची संवय मोडत नाहीं, हें त्यांतील मर्म.

“बाबा, याला अणी तर नाहीं, मग शिकार कशी व्हायची?” असें आम्हीं विचारलें. त्यांची भाषा भिल्ली. आश्रमशाळेंत शिकणारा दहा-बारा वर्षांचा नातू जवळ उभा होता, त्यानें आजोबांचें उत्तर मराठींत सांगितलें : “गुरुजी, टोंकदार बाण फांदींत रुतून बसतो. हा पाखराला पाडतो, आणि स्वतःही खालीं येतो.”

या दोन वाक्यांत त्या शस्त्राचें सारें शास्त्र आलें. तीक्ष्ण बाण आपला जोर एका बिंदूवर खर्चून आरपार जातो. तितर किंवा ससा यांसारखा लहान जीव ती जखम घेऊन झुडपांत नाहींसा होतो, आणि तेथें तळमळून मरतो. बोथट टोंक तोच जोर रुंद जागेवर एकदम सोडतें, व नेम बरोबर असेल तर त्या धक्क्यानेंच प्राणी जागच्या जागीं पडतो. बाण गवताखालीं सरपटत जाऊन हरवण्याचें भयही कमी. जेथें लोखंडाचा तुकडा विकत घ्यावा लागतो आणि लांकूड अंगणांतच मिळतें, तेथें ही काटकसर लहान नव्हे.

आमचें आयुष्य संस्कृत शिकण्या-शिकविण्यांत गेलें. तेव्हां त्या ओसरीवर आम्हांस कौटिल्य आठवला, यांत नवल नाहीं. शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्रांत, आयुधागाराच्या प्रकरणीं, बाणांच्या मुखांचीं छेदन, भेदन आणि ताडन अशीं तीन कामें सांगितलीं असून तीं मुखें लोखंडाचीं, हाडांचीं वा लांकडाचीं असतात असें म्हटलें आहे. त्यांतील ‘ताडन’ या शब्दाचा मूर्तिमंत अर्थ त्या दिवशीं आम्हांस हातांत घेऊन पाहावयास मिळाला. भिल्लांच्या भात्यांत पाखरें पाडण्यासाठीं गांठीसारख्या डोक्याचे बाण असतात, अशी नोंद रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांतही केली आहे. सैबेरियांतील शिकारी खारीचें मोलाचें कातडें फाटूं नये म्हणून असेच बाण वापरीत. आणि अमेरिकेंतील हौशी तिरंदाज उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी नळी काडीच्या टोंकावर बसवून घरच्या घरीं तेंच काम साधतात. देश निराळे, पण युक्ति एक.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हा विषय हिंसेचा वाटेल, व तो तसा आहेच. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालीं झाला. त्यानें रानांतील पशुपक्ष्यांची शिकार निषिद्ध ठरविली. तो कायदा योग्य आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. म्हाताऱ्यांचेंही मत निराळें नव्हतें. “रानांत पाखरेंच राहिलीं नाहींत, मारायचें काय?” असें ते म्हणाले. मग हा खटाटोप कशासाठीं? तर नातवासाठीं. अंगणाच्या टोंकाशीं काठीवर एक वाळका भोपळा टांगला होता. त्यावर मुलानें नेम धरावयाचा. हात स्थिर होईपर्यंत त्याच्या हातीं लोखंड द्यावयाचें नाहीं, असा त्या घरचा नियम. मुलाचे पहिले तीन बाण फुकट गेले; चौथा ठक्‌ करून लागला, तेव्हां आजोबांनीं मानही हलविली नाहीं, नुसता पांचवा बाण पुढें केला. असे शिक्षक आमच्या पेशांत थोडे!

परंतु त्यांच्या मनांतील कांटा निराळाच होता. “हा शाळेंत राहतो, सुटींत येतो. मी आहें तोंवर ठीक. पुढें याला कोण सांगेल?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. राजस्थानांतील लिंबाराम हे लहानपणीं असल्याच बांबूच्या धनुष्यानें पाखरें टिपणारे. पुढें १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक सामन्यांत ते भारतातर्फे उतरले. म्हणजे शिकार सुटली तरी विद्या सुटावी लागत नाहीं. तिला मैदान मिळालें पाहिजे. आश्रमशाळांच्या पटांगणांत आठवड्यांतून एक तास असे म्हातारे शिक्षक म्हणून बसले आणि मुलांनीं भोपळ्यावर बोथट बाण मारले, तर कायद्याचा भंग होत नाहीं, जीव जात नाहीं, आणि एका समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची करणी पुसली जात नाहीं.

ग्रंथांतील विद्या लोपली तरी एखादी पोथी कोठें तरी सांपडते. अर्थशास्त्र तसेंच सांपडलें. हातांतील विद्येस पोथी नसते. वाचकांपैकीं कोणी सुटींत मुलाबाळांसह तोरणमाळास गेलेच, तर तलाव व दरी अवश्य पाहावी. पण एखाद्या ओसरीवर घटकाभर बसावें, आणि मुलांस तें लहानसें लांकडी टोंक हातांत घेऊं द्यावें.