कानाची पारख

आपल्याकडे पारख करायची ती कानाने. मडके घेताना बोटाच्या पेराने वाजवून घ्यायचे, नारळ कानाशी नेऊन हलवायचा, कलिंगडाला टिचकी मारायची. चांदीचा रुपया चालत होता तोवर तोही फरशीवर आपटून घेत. डोळ्यांना रंगाने फसवता येते, कानांना फसवणे कठीण, असा यामागचा पिढ्यांचा अनुभव असावा. जुन्या मोटारीचे इंजिनही असेच वाजवून घ्यायचे असते, हे मला रोह्याच्या एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याने शिकवले. माझे स्वतःचे यंत्रशास्त्र मॅट्रिकच्या विज्ञानापाशीच थांबलेले आहे.

हे गृहस्थ माझ्या शाळेतल्या एका सोबत्याचे वडील. सारी उमर मुंबईत फियाट चालवलेली. १९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून जी फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली, तीच पुढे ‘पद्मिनी’ झाली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. २०००च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी दिसेनाशी झाली. तोवर म्हाताऱ्याची नजरही जवळजवळ गेली होती. मुलाने मनाशी ठरवले, की बाबांना एकदा तरी स्वतःच्या पद्मिनीत बसवायचे. पतपेढीत कर्जाचा अर्जही त्याने देऊन ठेवला.

गाडी मिळाली पेणला. ‘इंजिन नवे बांधलेले आहे,’ असे विकणारा दहादा म्हणाला. बाहेरून ते होतेही तसेच. ब्लॉकला ताजा रंग, तेल मधासारखे दाट, आवाज अगदी मऊ. वडिलांना दाखवून आणतो, असे सांगून आम्ही ती रोह्याकडे काढली. वडखळ, नागोठणे सुखाने मागे पडले. भिसे खिंडीचा चढ लागला आणि पायाखालून कोणीतरी दार ठोठावल्यासारखे झाले. ठक, ठक, ठक. पाय उचलला की ठोका आणखी स्पष्ट होई. सोबत्याने माझ्याकडे पाहिले नाही. मीही बोललो नाही.

रोह्यास पोचताच म्हातारा काठी टेकत अंगणात आला. बॉनेटवर हात फिरवून म्हणाला, “बंद करू नका. तापलेलं आहे तोवरच खरं बोलेल.”

मग त्याने मला एकेक आवाज सांगितला. वरून शिवणयंत्रासारखी टिकटिक येते ती टॅपेटची. फट नीट केली की भागते. सकाळी थंडपणी खडखडतो आणि तापल्यावर गप्प होतो तो पिस्टन. बोअर झिजलेला असतो. पण थंड असताना गोड आणि तापल्यावर ठोके देते ते बेअरिंग. तेल दाट असेतो ते झीज झाकते, उष्णतेने पातळ झाले की झाकण उडते. निळा धूर म्हणजे तेल जळतेय. तो इथे नव्हता. म्हणजे रिंगा बऱ्या होत्या.

“आता पकड घ्या, मास्तर. प्लगाच्या वायरी एकेक काढून परत लावा.”

लांब पेचकसाचे टोक ब्लॉकला लावून मूठ त्याने कानाशी धरली. पहिली वायर काढली, ठोका तसाच. दुसरी, तसाच. तिसरी काढली आणि इंजिन लटपटले, पण ठोका विरला.

“तिसरा रॉड. बोअर मारलाय, क्रँक मात्र तसाच ठेवलाय. अर्धंच बांधलंय.”

मुलाचा चेहरा उतरला. दिसत नसूनही म्हाताऱ्याला ते कळले असावे. “गाडी वाईट नाही,” तो म्हणाला. “क्रँकचा खर्च किमतीतून वजा करायला सांग. नाही म्हणाला तर चावी परत दे. माझ्यापायी कर्ज काढून ठोका विकत आणू नकोस.”

विकणारा आधी चिडला, मग उतरला. मिस्त्रीने तेलाचे पाते खाली घेतले, तेव्हा तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगचा राखाडी मुलामा जाऊन खालचे तांबे उघडे पडलेले दिसले. क्रँक घासून घेतला, चारही रॉडांना नवी बेअरिंगे घातली. सोबत्याने ती झिजलेली वाटी वडिलांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवला आणि ती खिशात टाकली.

पहिले हजार किलोमीटर गाडी दमाने चालवायची, असा त्यांचा हुकूम होता. त्याप्रमाणे सोबती रोज संध्याकाळी त्यांना कुंडलिकेच्या पुलापर्यंत हळूहळू नेऊन आणू लागला. एकदा मी मागे बसलो होतो. दोघांत काहीच बोलणे नव्हते. काही बिघडले काय, म्हणून मी हळूच विचारले.

“गप्प राहा, मास्तर,” म्हातारा म्हणाला, “ऐकू द्या.”