गळ्यातला पट्टा आणि कातडीखालचा क्रमांक

आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत कशावरून वाद पेटेल याचा नेम नाही. उसाचा दर, सीमाप्रश्न आणि वेतन आयोग हे तिथले कायमचे विषय. अलीकडे त्यांत कुत्र्यांची भर पडली आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणची भटकी कुत्री हलवावीत आणि पुन्हा तिथेच आणून सोडू नयेत, असा आदेश दिला. कुंपण नीट करावे, देखरेखीसाठी कोणा एकाला जबाबदार धरावे, हेही त्यात आले. म्हणजे दहावीचा निकाल, माध्यान्ह आहाराचा तांदूळ आणि आता कुत्री!

त्या वादात आमच्या विज्ञानाच्या सरांनी एक मत मांडले. भटकी कुत्री काही सगळीच गल्लीत जन्मत नाहीत, काही घरातून हाकललेलीही असतात. तेव्हा प्रत्येक पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली 'मायक्रोचिप' बसवण्याची सक्ती करावी, म्हणजे मालक कोण ते कळेल. त्यावर खेळाचे सर उसळले. त्यांच्या घरी दोन कुत्री आहेत. "माझं कुत्रं, माझी मर्जी. उद्या म्हणाल, मास्तरांनाही टोचा." घंटा झाली म्हणून तो वाद थांबला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. त्याला एक कारण होते.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक बदामी रंगाचे लॅब्रेडोर जातीचे कुत्रे येऊन बसले. आमची शाळा निपाणीच्या अलीकडे, महामार्गापासून हाकेच्या अंतरावर. तवंदीचा घाट उतरून येणाऱ्या गाड्यांचा आवाज वर्गात ऐकू येतो. कुत्रे भिजलेले, पण अंगाने भरलेले. कोणावर भुंकत नव्हते. आमच्या शिपाईमामांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "सर, हे काय गावातलं न्हवं. गाडीतनं आणून सोडल्यालं दिसतंय. हे बघा की." त्यांनी मानेवर बोट ठेवले. तिथे केस झिजून कातडीचे गोल वळ दिसत होते. वर्षानुवर्षे पट्टा असल्याची ती खूण होती. पट्टा मात्र नव्हता.

कुत्रे चुकले असते तर पट्टा गळ्यात असता. कोणीतरी गाडी थांबवून, खाली उतरून, तो आधी सोडवून घेतला होता. पट्ट्यावर कदाचित नाव असेल, फोन नंबर असेल. नुसते कुत्रे सोडून जाणे एक वेळ समजता येईल. घर बदलले असेल, आजारपण असेल, माणसाला काय काय अडचणी असतात. पण पट्टा काढून घेणाऱ्या हाताने आपण काय करतो आहोत याचा पुरता विचार केलेला होता.

मुलांनी त्याची परीक्षा घेतली. मराठीत "बस" म्हटले, कानडीत "बा इल्ली" म्हणून बोलावले, ढिम्म. आठवीतल्या एकाने "सिट" म्हटले, तसे ते टुणकन बसले. "सर, इंग्रजी माध्यमाचं हाय!" सगळी शाळा हसली. मीही हसलो. पण पहिले दोन दिवस त्याने मामांच्या भाकरीला तोंड लावले नाही. फाटकाशी बसून महामार्गाकडे बघत राही आणि पांढरी गाडी दिसली की उठून उभे राही. गाडी पुढे गेली की पुन्हा बसे. तिसऱ्या दिवशी एका पालकांच्या टेंपोतून त्याला कोल्हापुरास नेले. तिथल्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे चिप वाचण्याचे यंत्र होते. त्यांनी ते मानेवरून, खांद्यांवरून दोनदा फिरवले. यंत्र मुके राहिले. रेबीजची लस टोचून आम्ही परत आलो. पुढे एका उसाच्या मळ्यातल्या वस्तीवर त्याची सोय झाली.

ही चिप म्हणजे काय, याविषयी बरेच गैरसमज आहेत. आमच्या एका बाईंना वाटत होते की, कुत्रे कुठे आहे ते मोबाईलवर दिसते. तसे काही नाही. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी काचेची कुपी, सुमारे १२ मिलिमीटर लांब. तिला बॅटरी नसते. यंत्र जवळ धरले की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि १५ आकडी क्रमांक सांगते. बस्स. मालकाचे नाव नाही, पत्ता नाही. ते कुठल्यातरी नोंदवहीत असते. आमच्या भाषेत सांगायचे तर चिप म्हणजे जनरल रजिस्टरचा नंबर. रजिस्टरच नसेल तर दाखल्यावरच्या नंबराला काय किंमत?

खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे देशभराचे एकच, कोणाही डॉक्टरला उघडून बघता येईल असे कुत्र्यांचे रजिस्टर नाही. कुठे नगरपालिकेचे, कुठे चिप विकणाऱ्या कंपनीचे, कुठे केनेल क्लबचे. आम्हा सीमाभागातल्या लोकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कागलचा मुलगा आमच्या शाळेत आला की त्याची माहिती 'सरल'मधून आमच्या 'सॅट्स'मध्ये आपोआप येत नाही. २०२१ साली कोगनोळीच्या नाक्यावर कोरोनाचा दाखला नसलेल्या माणसांना परत पाठवत होते. निपाणीचे कुत्रे कागलात सापडले तर बेंगळुरूच्या वहीतला क्रमांक कोण उघडून बघणार? म्हशींचे मात्र जमले आहे. वस्तीवरच्या म्हशीच्या कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचे १२ आकडे आता सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. ते आकडे देशाच्या एकाच नोंदीत जातात. महाराष्ट्रात तर १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला बंदी आली. म्हशीसाठी जे झाले ते कुत्र्यासाठी होणारच नाही असे नाही. फरक एवढाच की, म्हैस दूध देते.

मालकाचे कुत्रे कोणते आणि बेवारशी कोणते, हा घोळ जुनाच आहे. मुंबईत १८३२ मध्ये सरकारने बेवारशी कुत्री मारण्याचा हुकूम काढला. मारणाऱ्यांना डोईमागे बक्षीस होते. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरातलीही कुत्री ओढून नेऊ लागले, तेव्हा फोर्ट भागात पारशी मंडळींनी दंगल केली, दुकाने बंद ठेवली. खूण नसली की सरकारी काठी भल्याबुऱ्यावर सारखीच पडते. तेव्हा मर्जीची भाषा करणाऱ्या आमच्या खेळाच्या सरांना मी एवढेच म्हणेन की, खूण ही कुत्र्याचीही ढाल आहे.

मग सक्ती करावी का? बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपो आहे. आजच्या पिढीला तो मेळाव्यांचे मैदान म्हणून ठाऊक. पण तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे. देवी टोचण्याची सक्तीच होती आणि माझी आजी सांगे की, टोचणारा आला की बायका पोरांना कणगीत लपवत. ती सक्ती योग्य होती, कारण माझ्या घरातली देवी शेजाऱ्याच्या घरात जात होती. विज्ञानाचे सर हाच दाखला देतात. पण चिप ही लस नव्हे. तिने रेबीज थांबत नाही. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात जाऊन पाहा. तिथे गावोगाव जाळ्या घेऊन कुत्री धरली, लस टोचली, अंगावर रंगाची खूण केली, मोबाईलवर नोंद केली आणि सोडून दिली. वर्षानुवर्षे हे चालले. २०२१ साली गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केले. हे रंगाच्या खुणेवर साधले. त्यामुळे रेबीजच्या नावाने चिपची सक्ती कोणी मागत असेल तर ते मला पटत नाही.

मला पटते ते दुसरे कारण, मानेवरच्या त्या वळाचे. पट्टा काढता येतो, चिप सहजी काढता येत नाही. ती बांधते कुत्र्याला नव्हे, माणसाला. म्हणून सक्ती व्हावी ती जिथे पैसा आणि हौस आहे तिथून. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांनी चिप बसवणे बंधनकारक आहे. नियम आहे, पण गाडीच्या डिकीतून आणि बाजाराच्या कडेला पिल्ले विकली जातात तिथे तो कोण विचारतो? बेंगळुरूने २०१८ साली चिपसकट परवान्याचे नियम काढले, त्यातच सदनिकेत एकच कुत्रे ही अट घातली. गदारोळ उठला आणि नियम बासनात गेले. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून सर्व कुत्र्यांना चिप सक्तीची आहे, आणि पत्ता बदलला तर कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे.

पण आमच्याकडचा धनगर आणि त्याचे कुत्रे? न्यूझीलंडने २००६ साली चिपची सक्ती आणली, तेव्हा मेंढरे राखणाऱ्या कुत्र्यांना त्यांनी वगळले. तिथल्या शेतकऱ्यांनी तसा आग्रहच धरला होता. दिवाळीनंतर आमच्या शाळेमागच्या रानात मेंढरे बसतात. मी तिथल्या एका म्हाताऱ्याला हा सगळा प्रकार समजावून सांगितला. तांदळाचा दाणा, क्रमांक, यंत्र. त्यांनी तंबाखू मळत सगळे ऐकून घेतले.

"गुर्जी, माझ्या कुत्र्याला पन्नास मेंढक्यांत कुणीबी वळीखतंय. नंबर त्येला कशाला? ज्येचं कुत्रं शेजाऱ्याला बी ठावं न्हाई, त्येला घाला. आमच्या कुत्र्याला ती पिसाळल्याची सुई तेवढी फुकट मिळतीया का बघा."

ती सोय मी करून दिली. पशुवैद्यकीय खात्याच्या डॉक्टरांना विनंती केली, ते लगेच तयार झाले. एका रविवारी सकाळी त्या रानात सतरा कुत्र्यांना लस टोचली. मालकाच्या रकान्यात अकरा वेगवेगळी नावे आली आणि एकानेही आपले नाव सांगायला आढेवेढे घेतले नाहीत.