साइड ए, गणपती १९८६

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये बिंग क्रॉस्बी गायला लागतो. लोअर परळ, बाहेर टळटळीत ऊन, आणि लिफ्टमध्ये बर्फाची गाणी! पण खरं सांगू? मला आवडतात ती. आवाज कसा ऊबदार, किंचित दबका... शेजारच्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावून ठेवल्यासारखा. आजचे गायकही ख्रिसमसचा अल्बम काढतात तेव्हा मुद्दाम तसाच जुनाट साउंड देतात. सुट्टीची गाणी म्हणजे जुनीच वाटली पाहिजेत, असा काहीतरी जागतिक नियम असावा.

यातली एक गंमत सांगते. ‘व्हाइट ख्रिसमस’ क्रॉस्बीने पहिल्यांदा रेकॉर्ड केलं १९४२ मध्ये. त्यावरून इतक्या रेकॉर्ड्स काढल्या गेल्या की मास्टरच झिजला. मग १९४७ मध्ये तोच वाद्यवृंद बोलावून तेच गाणं शक्य तितकं तस्संच पुन्हा रेकॉर्ड केलं. आज आपल्या कानावर बहुतेक वेळा पडतं ते हेच दुसरं. म्हणजे सगळं जग ज्याला ‘ओरिजिनल’ समजून हळवं होतं, ती मुळात कॉपी आहे बॉस!

आणि आपलं काय? आपला हॉलिडे अल्बम म्हणजे गणपतीचा, दुसरा कुठला? मंगेशकरांच्या आवाजातली, हृदयनाथांनी स्वरबद्ध केलेली एच.एम.व्ही.ची आरती, १९७९ च्या ‘अष्टविनायक’ची गाणी आणि प्रल्हाद शिंदे. एवढं वाजलं की पुण्या-मुंबईच्या कुठल्याही गल्लीत भाद्रपद सुरू होतो. आमच्या सिंधुदुर्गात मात्र एक गोष्ट आणखी लागते. भजन.

तुम्ही चाकरमानी असाल तर पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे दिवाळी असते, उन्हाळ्याची सुट्टीही असते, पण ‘सुट्टी’ म्हणजे चतुर्थी. बॉसला जानेवारीतच तारखा सांगून ठेवायच्या. कोकण रेल्वेचं बुकिंग हल्ली साठ दिवस आधी उघडतं आणि पाणी प्यायला उठेपर्यंत वेटिंगवर जातं. कसंबसं कणकवली गाठायचं, तिथून मालवण तालुक्यातलं, आचऱ्याच्या अलीकडचं आमचं घर. गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधलेली, तिला कवंडाळं, हरणाची फुलं, सुपाऱ्या, नारळ लटकलेले. रात्री वाडीतली मंडळी घराघरांतून भजन करत येतात. पायपेटी, पखवाज, झांज, चकी. सावकाश अभंगाने सुरुवात, मग गौळण, मग गजर असा काही चढतो की कौलं हलतील. मध्येच काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा. की पुढचं घर. झोप वगैरे मुंबईला परतल्यावर.

तर, दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या डोक्यात आलं की आपल्या घरचा अल्बम काढायचा. दादा पुण्यात आयटीत आहे, पण जीव साउंडमध्ये. त्याने चतुर्थीला फोनवर आणि एका छोट्या रेकॉर्डरवर तीन रात्री भजनं टिपली, सहा ट्रॅक निवडले आणि वर एक फिल्टर मारला, ‘व्हिंटेज’ नावाचा. खर्र... खट्... खर्र! दोन-चार मित्रांना ऐकवलं, सगळे फिदा. ‘कसलं रेट्रो आहे यार!’

मला ते पटेना. ती खरखर असते तबकडीची. खाचेत धूळ बसते, सुई त्यावरून उडते, त्याचा तो आवाज. आमच्या वाडीत रेकॉर्ड प्लेअर कोणाकडे होता? जुना आवाज म्हणजे देवळावरचा कर्णा, नाहीतर रात्री येणारं-जाणारं रत्नागिरी आकाशवाणी, नाहीतर कॅसेट. ही खरखर दुसऱ्याच कुणाच्या तरी बालपणातून उसनी आणलेली! आजीने तर पहिल्या मिनिटात निकाल लावला. “रेडिओक पाणी लागला काय गो?”

दादा हसला, पण त्याला लागलं. त्याच रात्री काकांनी कपाटातून एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा काढला. आत डांबराच्या गोळ्या आणि एकच कॅसेट. साठ मिनिटांची. कार्डावर निळ्या शाईत: साइड ए, गणपती १९८६. आजोबांचं भजन.

आजोबा गेले तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. भिंतीवरचा हार घातलेला फोटो, एवढीच आमची ओळख. वाडीतले म्हातारे अजून सांगतात की बुवा काय गायचे, पण आवाज कसा होता हे कुणाला सांगता येतं का? ‘भारदस्त’ म्हणजे नेमकं काय? घरातला टेप बिघडला तो वीसेक वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून ही कॅसेट कुणी वाजवली नव्हती. आजीनेही नाही.

मला वाटलं, लगेच लावू या! दादा ओरडलाच. कॅसेट उजेडात धरली तर टेपच्या कडेला पांढुरकी बुरशी. कोकणची हवा, दुसरं काय. शिवाय टेपला हेडवर दाबून धरणारा तो इवलासा फेल्टचा तुकडा असतो ना, तो गळून पडला होता. अशी कॅसेट मशीनमध्ये घातली आणि टेप गुंडाळली गेली, तर खेळ खलास. एकच प्रत, दुसरी नाही.

पुण्यात त्याने ती उघडली. सुदैवाने स्क्रूवाली निघाली, चिकटवलेली नाही. दोन्ही चकत्या उचलून नव्या कॅसेटच्या खोक्यात बसवल्या, मऊ कापडातून टेप हळूहळू फिरवत बुरशी पुसली, आपली शाळेतली पेन्सिल घालूनच! मग डेकचं हेड स्पिरिटने साफ केलं, कॉम्प्युटर जोडला आणि एकदाच, न थांबता, पूर्ण साइड वाजवून उतरवून घेतली. मी फोनवर होते. आधी नुसतं स्सस्स... मग अगदी बारीक, लांबून आल्यासारखा एक आलाप. आणि दोन सेकंदांनी तोच आलाप, मोठ्याने.

अंगावर काटा आला हो! दादाने शांतपणे समजावलं की यात भूतबित काही नाही. टेपचे वेढे एकमेकांवर वर्षानुवर्षं बसून राहिले की मोठ्या आवाजाचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो. त्यामुळे गायक सुरू व्हायच्या आधीच त्याची चाहूल ऐकू येते. विज्ञान मान्य. तरी मला वाटतं, चाळीस वर्षांनी भेटणाऱ्या माणसाने दार वाजवून यावं, तसं होतं ते.

पुढच्या चतुर्थीला आम्ही ते आजीसमोर लावलं. पडवीत सगळे जमलेले. आजीने डोळे मिटले. मिनिटभराने उघडले आणि म्हणाली, “ह्यो तेंचो आवाज नाय. ह्यो कोण पोरगो गाता?”

सन्नाटा. काकांनी समजूत घातली, आत्येनेही घातली. आजी ठाम. खरं तर मलाही तो आवाज फोटोतल्या माणसाला शोभत नव्हता. पातळ होता, घाईत होता. पण पुरावा काय? आठवण आणि टेप यांच्यात भांडण लागलं तर आपण टेपचं ऐकतो, नाही का? ऐंशी ओलांडलेल्या बाईची आठवण कोण धरतं?

दादाने मात्र धरली. “काका, त्या रात्री टेप कशावर चालला होता?”

लाइट गेलेली होती, हे काकांना पक्कं आठवत होतं. म्हणजे सेलवर. आणि सेल कसले? “तेच सेल बॅटरीत, तेच टेपात. नवे हाडतलो कोण?”

इथे थोडं डोकं लावा. सेल उतरलेले असले की रेकॉर्ड करताना मोटर हळू फिरते, म्हणजे सेकंदाला टेप कमी सरकते. मग तीच टेप चांगल्या डेकवर योग्य वेगाने वाजवली की गाणं धावतं आणि सूर वर चढतो. आजी बरोबर होती. तो आजोबांचा आवाज नव्हताच, तो घाईला आलेला आवाज होता.

पण मग खरा वेग कोणता? किती कमी करायचा? अंदाजाने केला तर तोही एक फिल्टरच झाला की. आपल्याला जसे आजोबा हवे तसे आजोबा!

उत्तर माजघरात, चादरीखाली होतं. आजोबांची पायपेटी. तीच, १९८६ ची. दोन पट्ट्या मुक्या झाल्यात, भात्याला चिकटपट्टी आहे, पण काका अजून वाजवतात. आजोबा कायम काळी एकमध्ये गायचे, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि पेटीवरही दिसतं, त्याच्या आसपासच्या पट्ट्या बोटांनी झिजल्यात. पेटीचे सूर पितळेच्या पात्यांचे. वर्षानुवर्षांत थोडेफार हलतात, पण सेलसारखे एका रात्रीत उतरत नाहीत. टेपवर तीच पेटी वाजत होती, फक्त काळी एकच्या जागी पांढरी दोन ऐकू येत होती.

मग काय, काका पेटीवर षड्ज धरून बसले आणि दादा लॅपटॉपवर वेग खाली आणत गेला. अर्धा सूर म्हणजे वेगात साधारण सहा टक्क्यांचा फरक. दोन पेट्यांचे सूर जवळ आले की एकमेकांवर थरथरतात, ती थरथर हळू हळू होत गेली आणि एका क्षणी थांबली. एक घरातली, एक टेपमधली, आणि दोन्ही एकच. आणि त्या सुरावर आवाज आला तो खाली बसलेला, रुंद, थोडा नाकातला. काकांनी पेटी वाजवणं थांबवलं नाही, पण मान वळवून घेतली.

आजी काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ही गौळण तेंका कधी नीट जमाक नाय.”

झालं! शिक्का बसला.

आता दादाचा दुसरा कीडा. मागचा तो स्सस्स आवाज. त्याने पुण्यातच एक साफ केलेली प्रत बनवून आणली होती. कॉम्प्युटरला शांततेचा एक तुकडा दाखवायचा, तो बाकीच्यातून वजा करतो. प्रत स्वच्छ होती, पण आजोबा पाण्याखालून गात असल्यासारखे वाटत होते. शिवाय काकांनी मध्येच विचारलं, “आणि पेट्रोमॅक्स खय गेली?”

कुठली पेट्रोमॅक्स?

मूळ टेप पुन्हा लावली. अभंग संपतो, कुणीतरी खोकतं, आणि मग फुस्... फुस्... फुस्... कुणीतरी पंप मारतंय. त्यानंतर तो स्सस्स आवाज चांगलाच वाढतो. कॅसेटचा स्वतःचा सळसळाट असतोच, पण आम्ही ज्याला नुसता ‘टेप नॉइज’ समजत होतो त्यात अर्धा वाटा माटवीशेजारी टांगलेल्या बत्तीचा होता. पंप मारणारे काकाच, तेव्हा कॉलेजात होते. त्यांनी तो आवाज चाळीस वर्षांनी ओळखला आणि आम्ही तो पुसायला निघालो होतो.

म्हणून आमच्या अल्बममध्ये आता दोन भाग आहेत. पहिला भाग आमच्या रेकॉर्डिंगचा, एकही फिल्टर न लावलेला. त्यात पाऊस आहे, कुणाचा तरी फोन वाजतो, आणि मागून बायकांच्या फुगडीचा धपधपाट. दुसरा भाग साइड ए, पेट्रोमॅक्ससकट. मूळ उतरवलेली फाइल जशीच्या तशी तीन ठिकाणी ठेवलीय, आणि कॅसेट परत बिस्किटाच्या डब्यात. तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल तर एक फुकटचा सल्ला देते. सापडल्या सापडल्या वाजवू नका. आधी उजेडात धरून बघा. आणि ज्यांनी तो माणूस प्रत्यक्ष ऐकलाय, त्यांना शेजारी बसवा. ते लोक कॅसेटपेक्षा लवकर संपतात.

एक गोष्ट मात्र राहिलीच. सेल त्या रात्री जसजसे उतरत गेले तसतसा टेपवरचा सूर चढत जातो. एकाच वेगाने सगळी साइड दुरुस्त होत नाही, म्हणून दादाने पेटी ऐकत ऐकत तुकड्या-तुकड्याने वेग जुळवला. शेवटच्या गजरात मात्र झांजा आणि टाळ्यांखाली पेटी ऐकूच येत नाही. धरायला सूर नाही. ती दीड-दोन मिनिटं आम्ही आहेत तशी ठेवलीत. त्यात आजोबा आणि सगळं भजन वर वर, भरभर, पोरांच्या आवाजात चढत जातं, आणि खट्. सेल संपले.

आजी तिथपर्यंत थांबत नाही. गजर सुरू झाला की म्हणते, “पुरे आता. चाय ठेव गो.”