लाल पेन आणि 'कांतोर'

तीस वर्षं मुद्रितशोधन केलं. 'पगार' दिसला की 'वेतन', 'ऑफिस' दिसलं की 'कार्यालय', हे कुणी न सांगता करत आलो. एकदा कथेतल्या गिरणी कामगाराच्या तोंडचा 'पगार' खोडून 'वेतन' घातलं. लेखक नवखा होता, काही बोलला नाही. ते आज सलतं.

लेकीकडे युट्रेक्टला राहिलो तेव्हा डच शिकायला घेतलं, ते सिमोन स्तेव्हिन या जुन्या गणितज्ञाच्या ओढीने. 1586 साली त्याने वजन-तोलाच्या शास्त्रावरचा ग्रंथ लॅटिन सोडून डचमध्ये लिहिला. डच पोरं गणिताला 'विस्कुंदे' म्हणतात, तेही त्याच्याच शब्दावरून. स्वतःचे शब्द घडवणाऱ्या अशा भाषेत ऑफिसला 'कांतोर' हा उसना शब्द का, हे मला फार खटकायचं.

शहरातलं जुनं मोठं पोस्ट, 1924 ची इमारत, आता वाचनालय आहे. पिवळ्या विटांच्या उंच कमानींखाली बसून व्युत्पत्तिकोश उघडला. फ्रेंच 'कोंत्वार', म्हणजे पैसे मोजायचं मेज. त्यामागे लॅटिन 'कोम्पुतारे', हिशोब करणं. कॉम्प्युटरही याच घरातला. त्यातलं 'पुतारे' म्हणजे मुळात छाटणं, साफ करणं. द्राक्षवेलीच्या छाटणीपासून थेट हिशोबापर्यंत! शस्त्रक्रियेतलं 'अ‍ॅम्प्युटेशन' तिथलंच. मेजाची झाली खोली, खोलीची वखार. डच ईस्ट इंडिया कंपनी आपल्या वखारींना हाच शब्द लावी, आणि तिची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती.

मी बसलो होतो ती वास्तूही 'पोस्तकांतोर'च. डच जिभेने 'कों'चा 'कां' केला, शब्दाला आपले समास जोडले, आणि पुढे इंडोनेशियाला 'कांतोर', सिंहलीला 'कंतोरुव' देऊन टाकला. त्याला उसना म्हणायला माझी जीभ रेटेना. मग 'पगार' आठवला. पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद, पैसे देणं. मराठीने त्याचं नाम केलं, 'पगारी', 'पगारदार', 'बिनपगारी' अशी लेकरंबाळं वाढवली. आणि मी त्यालाच परका ठरवून खोडत बसलो होतो.

नव्या वस्तूला मराठी शब्द घडवावा, हे मला अजूनही मनापासून वाटतं. सावरकरांचा 'महापौर' मला प्रिय आहे. पण नांदत्या शब्दाला घराबाहेर काढणं मी सोडलं.

गेल्या आठवड्यात एका कादंबरीच्या मुद्रितात 'बिनपगारी रजा' आली. त्या ओळीत एक स्वल्पविराम सुटला होता. तेवढा घातला.