परकोटाच्या आतलं गाव

संध्याकाळी अमरावतीच्या जवाहर गेटातून सराफ्याकडे गेलो. पेंढाऱ्यांपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये हा परकोट बांधायला घेतला. पाच दरवाजे, चार खिडक्या. अंबागेट, नागपुरी गेट, खुनारी खिडकी... अमरावतीकर अजून याच नावांनी पत्ता सांगतात, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. भिंतीत पिंपळ रुजला की जीव कासावीस होतो. वेळीच मूळ काढलं नाही तर ते चिरे सुटे करतं. वरून सिमेंट थापून भागत नाही, तिथे चुनाच हवा.

अकोल्याच्या असदगड किल्ल्याला अशा डागडुजीची संधीही मिळाली नाही. इंग्रजांनी १८७० च्या सुमारास तो बराचसा पाडला. त्याच्या दहीहांडा वेशीवरचा लेख १६९७ सालच्या बांधकामाची साक्ष देतो.

पण अमरावतीतही नुसती वेस राखून काय होणार? तिच्या आतले सागवानी खांबांचे वाडे एकेक करून जाताहेत. वाडा विकणाऱ्या कुटुंबाला मी दोष देत नाही. कवेलू फेरणारा माणूस मिळत नाही, वाटण्या सुटत नाहीत. अशा घरांना महापालिकेनं करात सूट द्यावी, दुरुस्तीला पैसा द्यावा, आणि चुन्याचं काम येणाऱ्या गवंड्यांच्या हाताखाली पोरं तयार करावीत.