भाडे नसलेली बाके

१/ न्यूयॉर्कमध्ये सिक्स्थ ॲव्हेन्यू आणि २०व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर तपकिरी दगडांचे एक गॉथिक धाटणीचे चर्च उभे आहे. मूळ नाव ‘चर्च ऑफ द होली कम्युनियन’. विक्रीनंतर या वास्तूचे काय झाले, त्याची ही कथा.

२/ एकोणिसाव्या शतकात तेथील अनेक चर्चमधील बाके भाड्याने दिली जात. पुढची बाके धनिक कुटुंबांची. गरिबाने मागे बसावे. विल्यम म्यूलेनबर्ग या धर्मगुरूला हे अमान्य होते. १८४४ मध्ये त्याने या चर्चची पायाभरणी केली. खर्चाचा भार त्याची विधवा बहीण मेरी रॉजर्स हिने उचलला, आराखडा रिचर्ड अपजॉन या ख्यातनाम वास्तुविशारदाचा होता. येथे बाकांना भाडे नव्हते. कोणीही यावे, कुठेही बसावे.

३/ याच मंडळीच्या सेवाकार्यातून पुढे सेंट ल्यूक्स रुग्णालय उभे राहिले.

४/ काळ पालटला. भोवती मोठी दुकाने आणि गोदामे आली, राहती कुटुंबे उत्तरेकडे सरकली. १९६६ मध्ये शहराने वास्तूला संरक्षित स्मारक घोषित केले. पण घटत चाललेली उपासकांची संख्या कायद्याने कशी वाढणार? १९७० च्या दशकात ही मंडळी शेजारच्या मंडळींत विलीन झाली. वास्तूचा धार्मिक दर्जा विधिपूर्वक काढून घेण्यात आला आणि ती विकली गेली.

५/ काही काळ तेथे व्यसनमुक्तीचे कार्य करणारी संस्था होती. म्यूलेनबर्गच्या वारशाशी ते सुसंगतच म्हणावे लागेल. पुढे तिनेही वास्तू विकली आणि १९८३ मध्ये तेथे ‘लाइमलाइट’ हा नाइट क्लब सुरू झाला. कालांतराने हाच क्लब अमली पदार्थांसाठी कुप्रसिद्ध ठरला. जिथे कोणालाही मज्जाव नव्हता, त्याच दारावर आता आत कोणाला घ्यायचे हे निवडले जाऊ लागले. २०१० मध्ये तेथे दुकाने थाटली गेली, नंतर व्यायामशाळा आली.

६/ स्मारकाच्या दर्जाने दगडी बाह्यरूप राखले. आत काय चालावे, हे ठरवणे त्या कायद्याच्या कक्षेत नव्हते. तो अधिकार विकणाऱ्याच्या हाती थोडा वेळ असतो: विक्रीपत्रात भावी उपयोगाच्या अटी घालता येतात, मात्र अटी वाढल्या की किंमत उतरते.

७/ म्हणून एखादी जुनी वास्तू विक्रीस निघाली, की ‘ती पाडणार का?’ एवढे विचारून थांबू नये. तिचे दार यापुढे कोणासाठी उघडे राहील, हेही सही होण्यापूर्वीच विचारावे.