हरताळाखालचे अक्षर

जुन्या कागदी हस्तलिखितांत लेखनिकाकडून एखादे अक्षर चुकले, तर त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि तो वाळला की वर बरोबर अक्षर लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण आज 'मोडीत काढणे' एवढ्याच अर्थाने वापरतो, पण ज्यांनी पोथ्या हाताळल्या आहेत त्यांना ठाऊक असते की हरताळाने पुसलेले सहसा पुरते पुसले जात नाही. लेपाचा टवका उडतो, पान उजेडासमोर तिरपे धरले की खालचे अक्षर डोकावते, आणि पाठचिकित्सा करणाऱ्याचा दिवस सार्थकी लागतो. मला हे सरांनी शिकवले. विधी महाविद्यालय रस्त्यावर भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १२५९ हस्तलिखितांच्या आधाराने सिद्ध झाली, हे सांगताना सर नेहमी पुस्ती जोडत, की या १२५९ प्रतींच्या लेखनिकांनी आपापल्या चुका नीट पुसल्या असत्या तर सुखटणकरांना करण्यासारखे फारसे काही उरलेच नसते.

सर गेल्यानंतर काही महिन्यांनी काकूंनी मला सदाशिव पेठेतल्या घरी बोलावले. सरांच्या अप्रकाशित लेखांचे पुस्तक व्हावे अशी त्यांची इच्छा होती. पुस्तके आणि टिपणवह्या तर होत्याच, शिवाय दोन संगणक होते. एक माळ्यावर टाकलेला जुना, ८० जीबीची हार्ड डिस्क असलेला, आणि दुसरा अखेरच्या चार वर्षांत वापरलेला लॅपटॉप. "अहो, ते काय काय पुसून टाकायचे, त्यातले काही मिळते का बघा," काकू म्हणाल्या. पुसलेले शोधणे हाच आमचा धंदा असल्याने मी दोन्ही यंत्रे घेऊन टिळक रस्त्यावरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने दोन्ही उघडून पाहिली आणि जुने यंत्र जवळ ओढले. "सर, ह्याच्यातून काढून देतो. त्याची आशा धरू नका, त्यात एसएसडी आहे."

मला हे उलटे वाटले. नवी वस्तू अधिक स्मरणशील असावी, अशी आपली भाबडी समजूत असते. तो असे का म्हणाला हे समजून घेण्यात माझे पुढचे काही आठवडे गेले. जे समजले ते माझ्या समव्यवसायी मित्रांना उपयोगी पडेल असे वाटते.

हार्ड डिस्क ही ग्रामोफोनच्या वंशातली. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून ५० लाख अक्षरे मावत. तत्त्व आजही तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरते, एक दांडी तिच्यावरून आतबाहेर सरकते आणि दांडीच्या टोकाचे शीर्ष लेपाचे सूक्ष्म ठिपके या किंवा त्या दिशेने चुंबकित करते. ग्रामोफोनच्या सुईसारखे हे शीर्ष तबकडीला टेकत मात्र नाही, काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहते. माणसाच्या केसाची जाडी ५०,००० नॅनोमीटरच्या पुढे असते, तेव्हा धुळीचा एक कण म्हणजे तिथे डोंगरच. यंत्र चालू असताना धक्का बसला तर शीर्ष तबकडीवर आदळते आणि अक्षरशः ओरखडा उठतो. शिवाय हवा तो मजकूर शीर्षाखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे आठ सहस्रांश सेकंद लागतात, वर दांडीच्या प्रवासाचा वेळ. एकेकट्या वाचनाला हा विलंब क्षुल्लक, पण संगणक सुरू होताना अशी हजारो वाचने होतात आणि आपण चहा करून येतो.

आता पुसण्याविषयी. हार्ड डिस्कवरची फाइल आपण काढून टाकतो तेव्हा तिचा मजकूर जागच्या जागी असतो, फक्त अनुक्रमणिकेतली तिची नोंद जाते. ती जागा मोकळी समजली जाते आणि तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुनी अक्षरे लेपाखाली पडून राहतात. त्यातही वर्डसारखा प्रोग्राम जतन करताना सहसा जुनी प्रत गिरवत नाही. तो नवी प्रत वेगळी लिहितो आणि जुनी काढून टाकतो. म्हणजे सर दर वेळी लेख 'जतन' करत, तेव्हा नकळत आदल्या मसुद्यावर हरताळ फासत होते. (अलीकडच्या काही हार्ड डिस्क याला अपवाद आहेत, पण सरांची जुनी होती.)

दुरुस्तीवाल्याने चार दिवसांनी तीनशेहून अधिक फाइली हाती ठेवल्या. बहुतेक निरुपयोगी, अर्ध्यामुर्ध्या, शिवाय युनिकोडपूर्व फाँटातल्या, त्यामुळे मराठीऐवजी रोमन चिन्हांची खिचडी दिसत होती. फाँट मिळवून त्या वाचायला घेतल्या, आणि सरांनी संपादित केलेल्या एका बखरीच्या प्रस्तावनेचे पाच मसुदे लागले. ही प्रस्तावना छापून बारा वर्षे झाली आहेत. बखरीचा शेवटचा भाग प्रक्षिप्त आहे असे मी विद्यार्थी असताना एका चर्चासत्रात मांडले होते. सरांनी ऐकून घेतले आणि छापील प्रस्तावनेत तो भाग मूळ कर्त्याचाच असल्याचे ठामपणे लिहिले, माझ्या आक्षेपाचा उल्लेखही न करता. बारा वर्षे मी ते मनात धरून होतो, हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या मसुद्यात दीड पान होते. त्यात माझे नाव होते, माझा युक्तिवाद माझ्यापेक्षा नेटका मांडला होता आणि तो ग्राह्य मानला होता. चौथ्या मसुद्यात ते दीड पान नाही.

ते का काढले, हे पाचही मसुद्यांत कुठे नाही.

लॅपटॉपवर सरांचा अखेरचा लेख होता. त्यात त्याच बखरीविषयी एकच वाक्य आहे, त्या शेवटच्या भागाकडे पुन्हा पाहायला हवे अशा आशयाचे. या वाक्यापर्यंत सर कसे आले, हे मला हवे होते. पण लॅपटॉपमधून शून्यांखेरीज काही आले नाही.

एसएसडीत काही फिरत नाही. तिच्यात अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात, प्रत्येक कप्पा विद्युतरोधक थरांनी वेढलेला. पुरेसा दाब दिला की इलेक्ट्रॉन तो थर पार करून आत जातात आणि दाब काढला की आत अडकून पडतात. आत किती भार आहे, यावरून अक्षर वाचायचे. कप्प्यात भाराची दोनच पातळ्या धरल्या तर एक बिट मावतो, सोळा धरल्या तर चार. स्वस्त एसएसडी अशा दाटीवाटीने भरलेल्या असतात, आणि म्हणूनच त्या लवकर झिजतात, कारण दर खेपेस तो रोधक थर थोडा दुखावतो. हे तंत्र १९८० च्या दशकात जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी घडवले. त्याचे 'फ्लॅश' हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवले. मजकूर पुसला जाण्याची क्रिया त्याला कॅमेऱ्याच्या झगमगाटासारखी वाटली. वस्तू लक्षात ठेवण्यासाठी केलेली, आणि नाव मात्र पुसण्यावरून पडलेले!

तिची घडणही तशीच आहे. लिहायचे पानापानाने, पण पुसायचे शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा एकदम, धूळपाटी हलवावी तसे. भरलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. त्यामुळे एक शब्द बदलला तरी आतला नियंत्रक ते पान दुसरीकडे नव्याने लिहितो आणि जुने पान बाद ठरवतो. म्हणजे काही काळ जुना पाठ आत असतोच! परंतु आपण फाइल काढून टाकली की संगणक नियंत्रकाला तसे कळवतो. या निरोपाला 'ट्रिम' म्हणतात. त्यानंतर त्या जागी काय आहे असे विचारले तर बहुधा शून्येच मिळतात, आणि नियंत्रक सवडीने तो गठ्ठा खरोखर साफ करतो. त्यासाठी नुसती वीज पुरते. पुसलेले शोधण्यासाठी यंत्र सुरू करावे, तर तेवढ्यातच उरलेसुरले धुऊन निघते.

वेगात एसएसडीशी तुलनाच नाही. शीर्षाचा प्रवास नसल्याने वाचनाचा विलंब सहस्रांश सेकंदांवरून दशसहस्रांशाच्या आसपास उतरतो. धक्क्याने ती बिघडत नाही, आवाज करत नाही. रोजच्या कामाला मी तीच वापरतो आणि इतरांनाही तीच सुचवेन. पण कपाटात ठेवून देण्यासाठी ती घेऊ नये. आतला भार हळूहळू झिरपतो, उष्णतेने लवकर झिरपतो. घरगुती एसएसडीचे मानक एवढेच मागते, की ठरलेले लेखन-आयुष्य संपलेली डिस्क विजेविना ३० अंश तापमानाला एक वर्ष मजकूर सांभाळेल. नवी डिस्क अर्थातच अधिक टिकते, परंतु पुण्यातल्या वैशाखात माळ्यावर ३० अंश कुठले आणायचे? हार्ड डिस्कही अमर नाही, पण तिच्या चुंबकित ठिपक्यांना जपायला वीज लागत नाही, आणि त्याच पैशांत ती कितीतरी अधिक मजकूर साठवते. सरांच्या सगळ्या फाइली मी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्या आहेत. मूळ डिस्क पेशवे दप्तरातल्या रुमालांची आठवण ठेवून मांजरपाटात बांधून ठेवली आहे. (मांजरपाटाचा तिला काडीचाही उपयोग नाही, हे दुरुस्तीवाल्याने सांगितले.)

राहिला प्रश्न त्या दीड पानाचा. चारशे वर्षांपूर्वीच्या अनाम लेखनिकाचा हरताळ आम्ही नखाने खरवडतो, त्यात आनंद मानतो आणि शोधनिबंध लिहितो. सरांनी ते पान जाणून काढले होते, ते कुणी वाचावे असे त्यांना वाटत नव्हते, आणि ते वाचण्यात ज्याचा स्वार्थ आहे असा एकमेव माणूस मी, संपादकही मीच. पुस्तकात छापील पाठच मुख्य मजकूर म्हणून जाणार आहे. तिसऱ्या मसुद्याविषयी एक तळटीप मी लिहून ठेवली आहे. ती ठेवायची की नाही, हे अजून ठरलेले नाही. काकूंना त्या पानाबद्दल सांगितलेले नाही. ती तळटीप मी आजवर तीनदा नव्याने लिहिली. आधीच्या दोन्ही वेळी ती माझ्या लॅपटॉपवरच लिहिली होती, त्यामुळे त्या आता कुठेही नाहीत.